किब्रितुलचा इतिहास, दोन खेपांत

पत्र आलं तेव्हा वेतुरिया ग्लोदान अंगणात पत्र्यावर वांगी भाजत होती.

पोस्टवाली फाटकातूनच म्हणाली, “काकू, सही लागेल. तुमचं नाहीये, तिबेरिउकाकांचं आहे.”

“त्याला जाऊन पुढच्या महिन्यात सात वर्षं होतील.”

“मला माहीत आहे ना. मी आले होते मातीला. पण पाकिटावर त्यांचं नाव आहे आणि खाली ‘किंवा वारस’ असं छापलंय. तुम्ही त्या ‘किंवा’त बसता.”

वेतुरियाने काजळीचे हात एप्रनला पुसले आणि सही केली.

पत्र वाल्दोरेश्तहून आलं होतं, नव्वद किलोमीटरवरून. सोमोरेनच्या लोकांना वाल्दोरेश्त माहीत होतं ते एवढ्यासाठीच की तिथे गाडी बदलावी लागते आणि पुढची गाडी कधी मिळत नाही. त्या गावातल्या कुठल्याशा क्रीडा-वारसा कंपनीने कळवलं होतं की, सोमोरेनच्या दफनभूमीत तिसऱ्या ओळीत अक्रोडाच्या झाडाखाली असलेल्या क्रूसावर कंपनीच्या मालकीचं बोधचिन्ह, म्हणजे जळती काडी, आणि कंपनीच्या मालकीची कामगिरी, म्हणजे ‘किब्रितुलचा गोलकीपर, १९६९ ते १९८२’ हा मजकूर, विनापरवाना कोरलेला आढळला आहे. तीस दिवसांत तो काढून टाकावा. आपले सहकार्य अपेक्षित आहे. आपला विश्वासू.

वेतुरियाने पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत एक वांगं जळून कोळसा झालं. त्याचाही दोष तिने कंपनीलाच दिला.

तीस दिवस. आणि सत्ताविसाव्या दिवशी तिबेरिउचं सातव्या वर्षाचं स्मरण. सोमोरेनमध्ये माणसाचं स्मरण तिसऱ्या दिवशी करतात, नवव्या दिवशी करतात, चाळिसाव्या दिवशी करतात, मग दर वर्षी. आणि सातव्या वर्षी शेवटचं. त्यानंतर मेलेला माणूस आपला आपण सांभाळतो असं मानतात. म्हणजे सगळ्या गावासमोर नवऱ्याचं नाव घेण्याची ही शेवटची मोठी संधी, आणि कंपनीचं म्हणणं असं की नाव घ्या, पण तो कोण होता ते मात्र सांगू नका.

प्रकरण मुळात असं होतं. किब्रितुल म्हणजे आगकाडी. गावात काड्यापेट्यांचा कारखाना होता, कारखान्याचा फुटबॉल क्लब होता. पोशाख पांढरा आणि कॉलर लाल, त्यामुळे अकरा जण रांगेने मैदानात उतरले की कुणीतरी पेटी उघडल्यासारखं वाटायचं. क्लब १९३१ साली निघाला. १९५१ मध्ये वरून हुकूम आला आणि त्याचं नाव ‘लाल ज्योत’ झालं, १९५७ मध्ये ते परत जुनं झालं. मधली सहा वर्षं लोक जुन्या नावाने घोषणा देत आणि नव्या नावाने माफी मागत. मग १९७७ ला संघ पहिल्या विभागात चढला, एका वर्षात खाली आला, आणि त्या एका वर्षात कपच्या सेमीफायनलपर्यंत जाऊन पोचला. एकच वर्ष. पण ते सोमोरेनमध्ये अजून संपलेलं नाही.

पुढे कारखाना बंद पडला. लायटरमुळे पडला म्हणतात, पण कुठल्या लायटरवाल्याने कधी सेमीफायनल खेळल्याचं ऐकिवात नाही. २०१२ साली क्लबही बुडाला आणि त्याचा लिलाव झाला. यादीत पहिल्या नंबरला दोन गोलपोस्ट होते, दुसऱ्याला जाळ्या, तिसऱ्याला गवत कापायचं यंत्र, आणि चौथ्याला ‘इतिहास, एक नग, वापरलेला’. वाल्दोरेश्तचा एक खिडक्यांचा व्यापारी गवताच्या यंत्रासाठी आला होता. यंत्र दुसऱ्याने नेलं. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं, म्हणून त्याने इतिहास घेतला आणि त्यावर कंपनी काढली.

इतिहास व्हॅनमधून गेला. पहिल्या खेपेला १९६५ पर्यंतचा मावला. उरलेला न्यायला व्हॅन दोन दिवसांनी आली. त्या दोन दिवसांत गावात फक्त शेवटची सत्तेचाळीस वर्षं होती. लोक क्लबच्या खोलीत जाऊन ती बघून आले. मग तीही गेली. भिंतीवर तसबिरींचे फिकट चौकोन राहिले, आणि व्हॅनवाल्याने त्यांचेही फोटो काढून नेले.

तेव्हापासून १९७८ ची सेमीफायनल वाल्दोरेश्तने खेळलेली आहे. गावाने दावा लावला, पण तेव्हा वाल्दोरेश्तमध्ये मैदानच नव्हतं, ही गोष्ट न्यायाधीशांना किरकोळ वाटली.

वेतुरिया पत्र घेऊन रेलूकडे गेली. रेलू गावचा दातांचा डॉक्टर आणि गावच्या नव्या क्लबचा अध्यक्ष. या क्लबचं नाव सोमोरेन २०१४, विभाग पाचवा, इतिहास नाही. रेलूच्या खुर्चीत सिमियोन पाथरवट तोंड उघडून बसला होता. ग्लोदानांचा क्रूस त्यानेच घडवलेला.

रेलूने एका हातात आरसा धरून दुसऱ्या हाताने पत्र वाचलं.

“बरोबर आहे त्यांचं,” तो म्हणाला.

“बरोबर आहे?”

“कायद्याने, काकू. मला काय आवडतंय? परवा आमच्या निवेदकाने माइकवरून ‘आपला जुना क्लब’ एवढंच म्हटलं, तर त्यांचं पत्र आलं. ‘जुना’ शब्दावर हरकत होती. ‘आपला’वर दुसरं पत्र यायचंय.”

“रेलू, तिबेरिउ तेरा वर्षं किब्रितुलच्या गोलमध्ये उभा होता. त्याची तीन बोटं वाकडी झाली. नाक दोनदा मोडलं. ते नाक कुणाचं मग?”

“नाक तुमचं. नाक मोडण्याची घटना त्यांची.”

“आऽ,” सिमियोन म्हणाला.

“तू गप्प बस,” वेतुरिया त्याला म्हणाली. “तू आधी माझं ‘१९’ दुरुस्त कर.”

तो एक वेगळाच विषय होता. क्रूस त्या दोघांनी १९९६ मध्येच घडवून ठेवला होता, धडधाकट असताना. गावात बहुतेक जण तसंच करतात, म्हणजे मागच्यांना त्रास नको. सिमियोनने दोघांची नावं आणि जन्मसालं कोरली, आणि काम एकदमच उरकावं म्हणून दोघांच्या मृत्यूच्या जागीही ‘१९’ कोरून ठेवलं. पुढचे दोन आकडे वेळ येईल तसे. तिबेरिउ २०१६ पर्यंत टिकला. त्याचं ‘१९’ सिमेंटने बुजवावं लागलं. वेतुरियाचं तसंच राहिलं होतं.

“मग मी काय करू?” तिने रेलूला विचारलं.

“छोटंसं करा ना स्मरण. घरच्या घरी. बोधचिन्हावर एखादी फुलांची परडी ठेवा. वाद कशाला?”

“तू डॉक्टर कसा झालास रे? भुलीचं इंजेक्शन सोडून तुला काही देताच येत नाही.”

सिमियोनच्या घशातून हसण्यासारखा आवाज आला आणि रेलूने त्याची दाढ उपटली. ती त्याच दिवशी उपटायची ठरलेली होती की नाही, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही.

तीन आठवड्यांनी कंपनीचा माणूस स्वतः आला. वेतुरिया दफनभूमीत गवत काढत होती. समोर निळ्या सुटातला एक सभ्य तरुण उभा राहिला, हातात मोजायची फीत.

“मी रादुकान. कंपनीच्या कायदा विभागातून. आपण श्रीमती ग्लोदान?”

“क्रूसावर वाच.”

त्याने वाचलं. मग फीत लावून बोधचिन्ह मोजलं: अकरा सेंटिमीटर बाय सात. वहीत लिहिलं. मग त्याची नजर खाली गेली.

“हे ‘१९’ कुणाचं?”

“माझं. बाकीचं यायचंय.”

“पण आता १९ ने सुरू होणारं साल येणार नाही.”

“म्हणून तर जिवंत आहे.”

रादुकानने यावर थोडा विचार केला. “हा मजकूरही दिशाभूल करणारा आहे,” तो म्हणाला, “पण तो आमच्या मालकीचा नाही.”

वेतुरियाने पिशवीतून प्लमच्या वडीचा एक तुकडा काढून त्याला दिला. उपाशी माणसाला शिव्या द्यायला तिला कसंसंच व्हायचं. त्याने खाल्ला, छान आहे म्हणाला, आणि तिच्यापुढे तीन पर्याय ठेवले. एक, बोधचिन्ह आणि मजकूर छिन्नीने काढणे. दोन, बोधचिन्ह ठेवून खाली ‘वाल्दोरेश्तच्या सौजन्याने’ असं कोरणे. तीन, मजकूर दुरुस्त करून ‘वाल्दोरेश्तचा गोलकीपर’ असा करणे; यात छिन्नीचा खर्च कंपनी सोसेल, कारण ही जाहिरातही होते.

“तिबेरिउ वाल्दोरेश्तला आयुष्यात एकदा गेला,” वेतुरिया म्हणाली. “गाडी चुकली म्हणून तीन तास बाकावर बसला. तेवढ्यात त्याची छत्री चोरीला गेली.”

“म्हणजे संबंध होता तर,” रादुकान म्हणाला आणि त्याने ते वहीत लिहिलं.

तिच्या हातात खुरपं होतं. ते तिने जमिनीत रोवलं आणि तिथेच राहू दिलं.

“पोरा, तुला लाज वाटते का, हे मी विचारत नाही. मला सांग, हे कुणी ठरवलं? आमचे लोक, आमचं मैदान, आमची नाकं. ती सगळी तुमची झाली हे कुठल्या माणसाने सांगितलं?”

“साक्षीदाराने,” रादुकान म्हणाला. त्याला वाटलं, याने तिचं समाधान होईल. “१९७८ च्या संघातले एकमेव हयात खेळाडू. त्यांनी शपथेवर लिहून दिलंय की किब्रितुलचा आत्मा २०१३ पासून वाल्दोरेश्तमध्ये राहतो. त्या जोरावर तर आम्ही अपील जिंकलो. श्री. आंब्रोझी त्साप.”

मग त्याने खिशातून तपकिरी चिकटपट्टी काढली, जळत्या काडीवर आडवी-उभी लावली, अंतिम निर्णय होईपर्यंतची तात्पुरती व्यवस्था म्हणून, आणि वडीबद्दल आभार मानून गेला.

आंब्रोझी त्साप दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. डाव्या बगलेचा आघाडीचा खेळाडू, अकरा नंबर. सेमीफायनलला तिबेरिउने पहिल्या अर्ध्यात पेनल्टी अडवली होती, ती तोंडाने, आणि मग दुसऱ्या अर्ध्यात राजधानीवाल्यांनी एक गोल केलाच. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आंब्रोझीने चेंडू जाळ्यात मारला. सगळं सोमोरेन उभं राहिलं. आणि लाइन्समनचा झेंडा वर गेला: चेंडू सुटायच्या आधीच तो बचावाच्या पुढे गेला होता म्हणे. ऑफसाइड.

तेव्हापासून आंब्रोझी एकच गोष्ट सांगत आला होता: मी ऑफसाइड नव्हतो. लग्नात सांगितली, मातीला सांगितली, रक्तदाब तपासताना सांगितली. आणि तिबेरिउ दर वेळी शांतपणे म्हणायचा, “होतास. मी दुसऱ्या टोकाच्या गोलमधून बघितलं.” याच्यावरून दोघं बत्तीस वेळा अबोला धरून बत्तीस वेळा बोलू लागले होते. तेहतिसाव्या वेळी तिबेरिउ वारला.

वेतुरिया गेली तेव्हा आंब्रोझी कुंपणापलीकडे पिंपात प्लम टाकत होता. दारू काढायला.

“या वहिनी. खुर्ची देऊ?”

“आत्मा विकलास म्हणे.”

आंब्रोझीने पिंपाचं झाकण लावलं. “विकला नाही. एक पैसा घेतला नाही.”

“फुकट दिलास? मग तर तू नुसता चोर नाहीस, मूर्खही आहेस.”

“वहिनी, ते सगळं नेणारच होते. कागद काय, तसबिरी काय, व्हॅन तर येऊन गेली होती. माझ्या सहीने काय फरक पडणार होता?”

“मग कशाला केलीस?”

आंब्रोझीने विजारीला हात पुसले. मग घरात गेला आणि एक जाड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक घेऊन आला. वाल्दोरेश्त क्लबचा अधिकृत इतिहास, १९३१ पासून. त्याने खूण घातलेलं पान उघडलं आणि कुंपणावरून तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा लावला. ‘अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्साप यांनी केलेला पूर्णपणे वैध गोल पंचांनी चुकीने नाकारला.’

“छापलंय,” आंब्रोझी म्हणाला. “अधिकृत आहे.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी म्हणजे? पंचेचाळीस वर्षं, वहिनी. रस्त्यातून जाताना पोरं पण हात वर करून झेंडा दाखवतात. त्यांच्या बापांनी सुद्धा ती मॅच बघितलेली नाही.”

“आणि त्यांनी तिबेरिउच्या क्रूसावर पॅकिंगची पट्टी मारलीय. खोक्यावर मारतात तशी.”

आंब्रोझीला हे माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण वेतुरियाचा त्याच्या चेहऱ्यावर विश्वास राहिला नव्हता.

“तुझा गोल त्यांच्याकडे गेला,” ती म्हणाली, “बरोबर आहे. तो तिकडेच शोभतो. पण तिबेरिउने तोंडावर घेतलेला चेंडू तू कुठल्या हक्काने देऊन टाकलास? तुझं तोंड होतं का ते?”

“मी येईन शनिवारी. स्मरणाला.”

“चर्च सगळ्यांना उघडं आहे. दुर्दैव.”

“यादी देणार ना फादरना? अकरांची?”

“दहांची.”

“वहिनी—”

“यादी मेलेल्यांची असते. तू मेलेला असतास तर विचार केला असता. नाही, नसता केला.”

ती निघाली. पाठीमागून आंब्रोझीने काहीतरी म्हटलं, पण ते पिंपाला म्हटलं असावं.

यादी. तीच तर तिने ठरवली होती, दफनभूमीतून घरी येता येता. चर्चमध्ये स्मरणाच्या दिवशी फादरना चिठ्ठी देतात. वर क्रूस काढलेल्या चिठ्ठीवर मेलेल्यांची नावं, दुसरीवर जिवंतांची. नावं फक्त बाप्तिस्म्याची. आडनाव नाही, हुद्दा नाही, क्लब नाही. फादर ती मोठ्याने वाचतात. यावर कुणाची मालकी लागते असं अजून कुणी म्हटलेलं नव्हतं. क्रूसावर चिकटपट्टी लावता येते. ओठांवर लावायला रादुकानला पुष्कळ गुंडाळ्या लागल्या असत्या.

तिला यादी पाठ होती. तिबेरिउ झोपताना प्रार्थनेऐवजी तीच म्हणायचा, गोलपासून सुरुवात करून, मैदानावर उभे राहायचे त्या क्रमाने. फक्त इश्तवानची अडचण होती. मधल्या फळीतला इश्तवान कॅथलिक. इथल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या यादीत त्याला घेत नाहीत. तिने त्याला श्तेफान, म्हणजे त्याच नावाचं इथलं रूप, करून बसवला. तो मैदानावरही ठेवाल तिथे खेळायचा.

शुक्रवारी तिने स्मरणाची कोलिवा केली. उकडलेला गहू, साखर, अक्रोड, लिंबाची साल. ताटात थापून वर पिठीसाखरेचा पांढरा थर. त्याच्यावर कोकोने क्रूस काढतात. तिने क्रूस काढलाच, आणि त्याच्या खाली कोकोची एक सरळ काडी, आणि काडीच्या टोकाला लाल गोळ्यांचं डोकं, आणि डोक्यातून निघणारी ज्योत. अकरा सेंटिमीटर बाय सात. तिने मोजून घेतली होती.

शनिवारी सकाळी चर्च भरलं होतं. सातव्या वर्षाला इतके लोक येत नाहीत, पण चिकटपट्टीची बातमी गावभर झाली होती, आणि ज्यांना तिबेरिउ आवडायचा नाही तेही चिडून आले होते. रेलू आला होता. सिमियोन एका बाजूने अजून सुजलेला गाल घेऊन आला होता. रादुकान खांबाजवळ उभा होता, त्याच निळ्या सुटात. त्याने कोलिवेचा फोटो काढला.

“हे पुरावा म्हणून लागेल,” तो हळूच वेतुरियाला म्हणाला.

“लवकर काढ. तासाभरात सगळे मिळून पुरावा खाणार आहेत.”

आंब्रोझी सगळ्यात मागे, दारापाशी उभा होता. कुणी त्याच्या शेजारी उभं राहिलं नव्हतं.

फादर इलारी गावात नवे होते, येऊन तीनच वर्षं झालेली. फुटबॉलमधलं त्यांना एवढंच कळायचं की रविवारी त्याच्यामुळे लोक लवकर निघतात. त्यांनी धूपपात्र ठेवलं, चिठ्ठी घेतली, चष्मा सारखा केला आणि त्यांच्या नेहमीच्या एकसुरी आवाजात वाचायला लागले.

“तिबेरिउ.”

“देव त्याला क्षमा करो,” लोक म्हणाले.

“गाव्रिल. नास्तासे. एफ्तिमिये. शेर्बान.”

चौथ्या नावाला पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या माना एकदम ताठ झाल्या. बचावाची फळी. उजवीकडून डावीकडे, बरोबर त्याच क्रमाने. कुणीतरी टोपी काढली, ती आधीच काढलेली होती, म्हणून नुसतंच डोकं चाचपलं.

“लाझार. कोर्नेल. श्तेफान.”

“इश्तवान,” कुणीतरी पुटपुटलं.

“शू.”

आता सगळं चर्च फादरच्या अर्धा शब्द पुढे चाललं होतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. रादुकानला काहीतरी घडतंय हे कळलं, पण ते कुठल्या कलमाखाली घडतंय ते कळेना. त्याने वही उघडली आणि तशीच धरून ठेवली.

“पेत्राके. सेवेर.”

फादर थांबले. चिठ्ठी संपली होती.

पण सोमोरेनमध्ये ही नावं सेवेरवर थांबत नाहीत. पंचेचाळीस वर्षं ती थांबलेली नव्हती. जिन्याची शेवटची पायरी नसावी तसं सगळ्या चर्चचं पाऊल हवेत राहिलं. फादरनी वर बघितलं. कुणी क्षमा मागत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. वेतुरिया ताटासमोर सरळ उभी होती. दहा म्हटलं होतं, दहा दिले होते.

“आंब्रोझी,” मागून आवाज आला.

फादरना वाटलं, राहिलेलं नाव कुणीतरी सांगतंय. असं होतं कधीकधी. “आंब्रोझी,” ते त्याच सुरात म्हणाले.

“देव त्याला क्षमा करो,” लोक म्हणून गेले. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि दीडशे माणसांनी एकदम मागे वळून बघितलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तीनदा क्रूसाची खूण केली. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचलं, की तो वर्षभरात जातो, हे इथे लहान मुलालाही माहीत आहे.

फादरनी चष्मा काढला. “हे कोण आंब्रोझी?”

“मीच, फादर.”

“पण तुम्ही तर... अहो, मी हे परत घेतो. याला काही विधी असेल. तुम्ही जिवंत आहात.”

“राहू द्या,” आंब्रोझी म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण चर्चमध्ये बारीक आवाज सगळीकडे जातो. “वेळेआधी पुढे गेलो, एवढंच. मी तेव्हाही ऑफसाइड होतो.”

मेणबत्त्या तडतडत होत्या.

“काय म्हणालास?” पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं. त्याला ऐकू आलं होतं. त्याला परत ऐकायचं होतं.

“ऑफसाइड होतो. दीड मीटर. तिबेरिउने बरोबर बघितलं होतं.”

रादुकान माणसांच्या मधून वाट काढत वेतुरियापर्यंत आला. तो घामाघूम झाला होता. “श्रीमती ग्लोदान, माफ करा, मला एक कळत नाहीये. साक्षीदारांनी आत्ता आमच्या अधिकृत इतिहासाला विरोध केला. पण त्याच्या आधी त्यांचं नाव मृतांमध्ये वाचलं गेलं होतं. मग ही साक्ष जिवंत माणसाची धरायची की...”

“तू कायद्यातला ना? तूच सांग.”

“मला विचारावं लागेल.”

“विचार. तोवर ताट धर.”

कारण आता ताट उचलायची वेळ झाली होती. मेलेल्यांसाठी ‘चिरस्मरण असो’ म्हणतात तेव्हा कोलिवेचं ताट सगळ्यांनी मिळून उचलायचं असतं आणि म्हणता म्हणता वर-खाली झुलवायचं असतं. ज्यांचे हात ताटाला पोचत नाहीत ते पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतात, त्यांच्या खांद्यावर मागचे, असं करत दारापर्यंत सगळे एकमेकांना लागलेले असतात. रादुकान ताटाजवळच उभा होता, त्यामुळे नाही म्हणायला त्याला सवड मिळाली नाही. फादरनी सूर लावला. चिरस्मरण असो, चिरस्मरण असो. कोकोची काडी तिच्या लाल डोक्यासकट दीडशे माणसांच्या हातांवर वर गेली आणि खाली आली, वर गेली आणि खाली आली, आणि तिला एका बाजूने कंपनीच्या कायदा विभागानेही आधार दिलेला होता.

तिसऱ्यांदा ताट वर गेलं तेव्हा वेतुरियाच्या खांद्यावर एक हात पडला. तिने मान वळवली नाही. तो हात प्लमच्या आंबलेल्या गराच्या वासावरून कुणालाही ओळखू आला असता.

ती गात राहिली. कडवं संपल्यावर, ताट खाली यायच्या आत, पुढे बघूनच म्हणाली, “उशीर केलास.”

“आयुष्यात पहिल्यांदाच, वहिनी.”

तिने खांदा झटकला नाही. ताट अजून एकदा वर जायचं होतं.